तुणतुणं: बनवण्यापासून मागं उभं राहण्यापर्यंत

१ जून २०२५
आमच्या शाहिरी मंडळात तुणतुणं तात्या धरायचे. आता गुडघ्यांमुळं त्यांना तासभर उभं राहवत नाही. तालमीला खुर्चीवर बसून असतात. नवरात्रातला कार्यक्रम ठरलाय, घटस्थापना २२ सप्टेंबरला, आणि शाहिराच्या मागं सुरत्या, म्हणजे सूर धरणारा साथीदार, म्हणून उभं राहायचं काम माझ्यावर आलंय. माझा आवाज बऱ्यापैकी सुरात असतो आणि मी वेळेवर येतो, एवढ्याच भांडवलावर. वाद्य म्हणून आजवर मी काहीही वाजवलेलं नाही.

मंडळाचं जुनं तुणतुणं उभं चिरलंय, चामड्याला ठिगळ आहे. सांगलीत नव्याचा भाव दीड हजार सांगितला. तेवढ्यात स्वतः बनवून होईल असं वाटलं म्हणून या नोंदी. पुढं कुणी करणार असेल तर त्याचे पैसे तरी वाचावेत.

जुन्याची मापं शिवणाच्या टेपनं घेतली. लाकडी नळकांड्याला इथं भांडं म्हणतात. उंची २० सेंटिमीटर, तोंडाचा व्यास १४, भिंत जेमतेम बोटाएवढी जाड. वरचं तोंड उघडं, खालचं चामड्यानं मढवलेलं. भांड्याला बाहेरून ठोकलेली ७५ सेंटिमीटरची बांबूची काठी, तिच्या शेंड्याला खुंटी. चामड्याच्या बरोबर मध्यातून निघालेली एकच तार भांड्याच्या पोटातून वर खुंटीला जाते. तार जिच्यावर टेकते ती घोडी नाही, पडदे नाहीत. डाव्या हातानं काठी धरायची, उजव्या हातातल्या लाकडाच्या छोट्या काडीनं तार छेडायची.

४ जून
बाजारात फसू नका. देवळाजवळच्या एका दुकानात तुणतुणं म्हणून मला चौंडकं दाखवलं. भांडं सारखंच दिसतं, पण चौंडक्याला ठोकलेली काठी नसते. ते काखेत दाबतात आणि तारेचं दुसरं टोक हातात ओढून धरतात, त्यामुळं सूर वरखाली खेचता येतो. यल्लम्माच्या जोगत्यांचं ते वाद्य, आणि फार छान वाजतं. पण पोवाड्याला आणि गोंधळाला जो एका जागी बसलेला सूर लागतो तो त्यातून मिळणार नाही.

८ जून
भांडं होईपर्यंत हात बसावा म्हणून तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं एक केलं. वरचं झाकण कापलं, बुडाला मध्यात भोक पाडलं, बाजूला काठी बांधली. तार म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक वायर काढून लावली. वाजतं, पण ठणठणाट. पत्र्याचा आवाज उमटतो तसा मरतो आणि सूर नक्की कुठला हे कळत नाही. लय धरायच्या सरावाला चालेल. वायर मात्र बदलणार.

१५ जून
मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं गल्लीत आता बाहेरगावचे लोक फोटो काढताना दिसतात. तुणतुण्याची तार मागितल्यावर दुकानदारानं आधी माझ्याकडं, मग छताकडं पाहिलं. तुणतुण्याची म्हणून वेगळी तार मिळत नाही. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य, पोलादी तार, तीन नंबर, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर, घेतली.

खुंटीत पैसे वाया गेले. तरफेची, म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारांची, खुंटी स्वस्त म्हणून घेतली ४० रुपयांना. ती एवढीशी, बोटात नीट धरताही येत नाही. सतारीची मुख्य तारेची खुंटी घ्यायला हवी होती. ती १५० ला, तीही परत फिरून तिथूनच घेतली. तंबोऱ्याची घेऊ नका, तिच्यासाठी भोक एवढं मोठं पाडावं लागतं की बांबू उरतच नाही.

२२ जून
भांडं. कातारी शोधायलाच वेळ गेला. लेथवर लाकूड फिरवणारे आता बहुतेक सोफ्याचे पाय आणि पोळपाट करतात. २० सेंटिमीटर खोल कोरून द्यायला एक जण तयार झाला. लाकूड त्याच्याकडचंच आंब्याचं. ३५० रुपये. सुंदर झालं. घरी आणून तेल पाजलं.

२९ जून
आंब्याचं भांडं तोंडापासून निम्म्यापर्यंत उभं फाटलं. लाकूड ओलं होतं. कोरून भिंत पातळ केली की ते भराभर सुकतं, आणि सुकताना रेषेवर चिरतं. भुसा आणि फेव्हिकॉल भरून पाहिलं, दोन दिवसांत भेग पुन्हा उघडली. त्याला ओलं की सुकं असं मी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलंही नाही.

गावभागात एक वाडा पाडताहेत. तिथल्या भंगारवाल्याकडून सागवानी खांबाचा तुकडा शंभर रुपयांना मिळाला. असं लाकूड आता पुढं काय चिरणार! कातारी मात्र वैतागला, कारण आत मोडलेला खिळा होता आणि त्याच्या पटाशीची धार गेली. या वेळी ५०० घेतले. जुनं लाकूड आणाल तर आधी जोरदार चुंबक फिरवून बघा.

६ जुलै
चामडं मढवलं. बकऱ्याचं, केस काढलेलं, २०० रुपयांना आणलं. रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी भांड्यावर ताणून कडेनं चुका ठोकल्या. समोरासमोर ठोकत जायचं. एका बाजूनं गोल गोल गेलात तर शेवटी एका कोपऱ्यात चुण्या गोळा होतात. हे मला तात्यांनी खुर्चीवरनं ओरडून सांगितलं, नाहीतर मी गोलच निघालो होतो.

आषाढी एकादशी, बाहेर पाऊस धरून. चामडं वाळायला उन्हात ठेवायचं नसतं हे ठीक, पण इथं ऊन आहेच कुठं.

१३ जुलै
चामडं वाळेना. दुपारी पंख्याखाली जरा कडक होतं, टिचकी मारली की बोलतं, आणि संध्याकाळी पुन्हा ओल्या फडक्यासारखं. कडेला पांढरी बुरशी. लोखंडी चुकांना गंज चढून चामड्यावर तांबूस डाग. घरात वास. आईनं भांडं जिन्याखाली हलवलं.

१९ जुलै
काठी. बाजारातला साधा पोकळ बांबू घेतला होता, ४० रुपये. भांड्याला ठोकताना पहिल्याच खिळ्याला उभा फुटला. दुसऱ्या टोकाला गिरमिटानं आधी भोक पाडून बघितलं, खिळा बसला. पण खुंटी आवळली की तिथून चिरत जातो. सुतळीनं करकचून बांधून तशीच तार चढवली.

सूर काळी दोनच्या, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, जवळपास पोचला आणि फट्. तार शाबूत, काठी शाबूत. तारेची गाठ चामड्यातून आरपार बाहेर आली होती आणि मध्यात दोन बोटं जाईल एवढं भोक.

पहिलं चामडं गेलं. रागानं नोंद लिहीत नाहीये, उद्या ढोलकी मढवणाऱ्याकडं जातो.

२० जुलै
त्यांनी चामड्याचा तुकडा जिभेला लावला आणि म्हणाले, "मीठ धुतलंच नाही की हो."

वाळेना त्याचं कारण हे. चामडं टिकावं म्हणून मीठ चोळून ठेवतात. ते पुरतं धुवून काढलं नाही तर मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि पावसाळ्यात चामडं कधीच कडक होत नाही. रात्रभर भिजवणं पुरत नाही. दर थोड्या वेळानं पाणी बदलायचं, हातानं चोळायचं, शेवटच्या पाण्याची चव घेऊन बघायची. चव घ्यायला मला धाडस लागलं, पण दुसरा मार्ग नाही.

भोक फाटण्याची कारणं दोन. एक, तीन नंबरची तार या लांबीला जाड आहे. जाड तारेला तोच सूर गाठायला जास्त ताण द्यावा लागतो, आणि तो सगळा ताण चामड्याच्या मध्यावरच्या एवढ्याशा जागेवर येतो. सतारीत तार घोडीवरून पुढं जाते, इथं ती थेट चामड्यालाच लटकलेली. दुसरं, गाठीखाली मी काहीच घातलं नव्हतं.

२७ जुलै
दुसरं चामडं, पुन्हा २००. दिवसभर पाणी बदलत धुतलं. चुका पितळी, ६० रुपये. पंख्याखाली सावलीत वाळवलं, आणि या वेळी संध्याकाळीसुद्धा टिचकीला तसंच बोलत होतं.

भोक टोच्यानं पाडलं नाही. दाभण गॅसवर लाल करून टेकवलं. चामडं जळून भोक गोल होतं आणि कडा आवळून कडक होतात, पुढं फाटत नाहीत.

गाठीखाली काय घालायचं यावर तात्या म्हणाले, "भोकाचा पैसा हाय का घरात?" आहे! १९४३ ते ४७ च्या काळातला तांब्याचा, मध्ये मोठं भोक असलेला पैसा आजीच्या डब्यात होता. चामड्याच्या बाहेरच्या अंगाला आधी बुटाच्या कातड्याची छोटी चकती, तिच्यावर तो पैसा, मग काडेपेटीतल्या काडीएवढी बांबूची कांडी आडवी, आणि तार त्या कांडीला गुंडाळलेली. भोक मोठं असल्यामुळं नुसती गाठ त्यातून निसटते, म्हणून आडवी कांडी. ताण आता पैशाएवढ्या जागेवर पसरतो. पैसा नसेल तर कोटाचं मोठं बटण चालेल. पैशाची धार थेट चामड्यावर मात्र येऊ देऊ नका, कातड्याची चकती हवीच.

तार बदलली. तरफेची शून्य नंबर, सुमारे ०.२३ मिलिमीटर. काळी दोनला सहज गेली, चामडं दबलं पण हललं नाही.

३ ऑगस्ट
काठीचा प्रश्न कुडाळहून सुटला. मावसभाऊ एसटीतून माणग्याची काठी घेऊन आला. कोकणातला हा बांबू जवळपास भरीव असतो, आत पोकळी नावाला. भांड्याशी तो खिळ्यांनी न ठोकता आरपार दोन बोल्ट घातले. खुंटीचं भोक पेराच्या लगेच खाली पाडलं, म्हणजे चीर गेलीच तर पेराशी अडते. भोक निमुळतं हवं, खुंटीच्या उताराशी जुळणारं, नाहीतर खुंटी एकाच कडेवर टेकते आणि घसरते. हे काम सुतारानं केलं, १०० रुपये.

फरक लगेच कळला. पोकळ काठी ताणाखाली वाकत असे आणि एका पदाच्या शेवटी सूर उतरलेला असे. मी खुंटीला दोष देत होतो.

खुंटी थोडी घसरतेच. खडूची पूड लावून आत दाबत पिळली की धरते. फार घट्ट झाली तर किंचित साबण.

९ ऑगस्ट
आता वाजवणं.

फोनवरच्या ट्यूनरवर सूर लावू नका. तुणतुण्याच्या आवाजात इतके वरचे सूर मिसळलेले असतात की काटा एकदा षड्ज दाखवतो, एकदा पंचम, एकदा भलतंच. मी अर्धा तास त्याच्या मागं लागलो आणि तार तोडली. पेटीची पट्टी धरून ठेवायची आणि ऐकायचं. दोन सूर जवळ आले की मध्ये एक हेलकावा ऐकू येतो, वाँव-वाँव-वाँव. खुंटी केसभर फिरवली की तो मंदावतो, आणखी केसभर की थांबतो. थांबला की खुंटी सोडा. नेहमी खालून वर यायचं. वरून खाली आणलेली तार वाजवता वाजवता आणखी उतरते.

तार तुटली ती खुंटीपाशी, जिथं लावताना तिला मुरड पडली होती. मुरड पडलेला तुकडा सरळ करून वापरू नये, टाकून द्यावा.

१७ ऑगस्ट
पहिली तालीम. केरवा हा ताल आठ मात्रांचा, माझं काम फक्त ठेका भरत राहायचं. घरी बरोबर जमत होतं. इथं शाहिरानं आवाज चढवला की माझा हात पळायला लागतो. तिसऱ्या कडव्याला ढोलकीवाल्यानं थांबून माझ्याकडं पाहिलं.

तात्या म्हणाले, "तू गाणं ऐकतोयस. ऐकू नको. त्याच्या डाव्या हाताकडं बघ." ढोलकीचा डावा हात, म्हणजे धुमाची बाजू. डोळे तिथं ठेवले की हात धावत नाही. पोवाडा चांगला रंगला की सुरत्याला तो कळतच नाही, असंही म्हणाले, आणि हसले. इतकी वर्षं मागं उभं राहिलेल्या माणसाचं हे म्हणणं मला जरा लागलं.

दुसरी गोष्ट काठी धरण्याची. भीतीनं मूठ आवळली की काठी तारेकडं दाबली जाते, ताण कमी होतो, सूर उतरतो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात काठी टेकवायची, वजन कोपराच्या आत घेतलेल्या भांड्यावर राहू द्यायचं.

छेडायची जागा ठरवा आणि सोडू नका. भांड्याच्या तोंडाजवळ तीक्ष्ण, तारेच्या मध्याकडं भरीव पण ऐकू कमी. मंचावर ढोलकी आणि झांजेत मध्याचा आवाज बुडतो. मी तोंडापासून चार बोटं वर ठरवली आणि काठीवर शाईनं खूण केली.

२४ ऑगस्ट
झील, म्हणजे शाहिराच्या मागं साथीदारांनी ओढायचा सूर. मला वाटत होतं हे सोपं. "जी रं जी जी" असं लांब ओढायचं आणि खाली हात ठेका देत राहायचा. आवाज लांबवला की हात त्याच्याबरोबर लांबतो, हात नीट ठेवला की "जी"चे तुकडे पडतात, ठेक्यावर ठेचून म्हटल्यासारखे. सगळ्या प्रकल्पात सर्वात जास्त वेळ इथं जातोय. वाद्याला लागलेल्या सगळ्या भानगडी एकीकडं आणि हे एकीकडं.

उपाय जो थोडाफार लागू पडला तो असा: तुणतुणं न घेता आधी चालताना म्हणायचं. पाय ठेका देतात, गळा वर लांब जातो. कृष्णेच्या घाटावर सकाळी फिरताना करतो. लोक बघतात. चालून जमलं की उभ्यानं, मग टाळीवर, मग तार.

२७ ऑगस्ट
गणपती. सुट्टी, पण तालमी मंडपाच्या मागं. काही विशेष नाही.

७ सप्टेंबर
उघड्यावर तालीम, पावसाची झड. चामडं सैल, सूर अर्ध्या पट्टीनं खाली, खुंटी पिळली तर चामडंच आत येतं. हलगीवाले शेकोटीवर हलगी शेकतात तसं मीही शेकलं. चामडं झटक्यात आवळलं, आधी पिळून ठेवलेली तार त्याच्याबरोबर ताणली गेली आणि कानाजवळ तुटली. चष्मा होता म्हणून बरं.

क्रम लिहून ठेवतो: आधी तार पुरती सैल, मग शेक, मग चामडं हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग सूर. शेक लांबून. चामड्याला हात लावून चटका बसला तर ते जवळ आहे. मंचावर शेकोटी नसते, म्हणून भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचं आणि वेळेआधी दिव्याजवळ ठेवायचं.

१४ सप्टेंबर
शाहीर पोवाडा काळी दोनला गातो, पण सुरुवातीचा गण मंडळातली एक मुलगी काळी चारला म्हणते. मध्ये एक निवेदन, तेवढ्यात तार चढवायची. खुंटीवर आणि काठीवर दोन्ही पट्ट्यांच्या खुणा केल्या. खुणांवर फक्त जवळपास पोचता येतं, उरलेलं कानानं. शून्य नंबरची तार काळी चारपर्यंत जाते, पण तिथं फार वेळ ठेवायला मन घेत नाही. गण आधी आहे हे बरं, वरून खाली येतोय. मात्र आधी सूर गरजेपेक्षा खाली सोडून पुन्हा वर आणायचा, नाहीतर पोवाड्यात उतरत जाईल. झांजवाल्याला सांगून ठेवलंय, मी मान हलवेपर्यंत सुरू करू नको.

२३ सप्टेंबर
काल कार्यक्रम झाला. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा, मागं आम्ही दोघं. तार तुटली नाही. गणानंतर सूर उतरवून घेतला, निवेदन लवकर संपलं, झांजवाला थांबला. शेवटच्या चढावर हात थोडा पळालाच, ढोलकीवाल्यानं सांभाळून घेतला. झील एका जागी तुटली. तात्या पुढच्या रांगेत होते. कार्यक्रमानंतर त्यांनी भांडं हातात घेतलं, पैसा बोटानं चाचपला आणि म्हणाले चामड्याची ही बाजू अजून थोडी सैल आहे, दोन चुका वाढव.

हिशेब. आंब्याचं भांडं ३५०, सागवानाचा तुकडा १००, त्याची कोराई ५००, चामडी ४००, चुका ६०, बांबू ४०, खुंट्या १९०, तारा १२०, सुतार १००. एकूण १,८६०. यातले ६३० म्हणजे फाटलेलं भांडं, पहिलं चामडं, फुटलेला बांबू आणि तरफेची खुंटी. ते वगळले तर १,२३०, विकतच्यापेक्षा थोडं स्वस्त. माणग्याची काठी फुकट मिळाली, हे धरा.

राहिलेलं काम: दोन चुका. काळी चारसाठी वेगळं तुणतुणं, काठी आखूड ठेवून, म्हणजे तारेवर एवढा ताण येणार नाही. खांबाच्या सागवानाचा उरलेला तुकडा १७ सेंटिमीटर भरतो, तेवढ्यात बसवायचं आहे. कातारी दिवाळीनंतर बोलावतोय, चुंबक घेऊन या म्हणाला.